‘ड्रिल’ला फुलफॉर्म नाही, आणि 1666 हे तिचं जन्मसालही नाही

एन.सी.सी.च्या ‘बी’ आणि ‘सी’ सर्टिफिकेटच्या परीक्षा आल्या की ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. त्यातले दावे तीन. ‘ड्रिल’ (लष्करी कवायत) हा डिसिप्लिन, रेग्युलॅरिटी वगैरेंच्या आद्याक्षरांतून बनलेला शब्द. जर्मनीत 1666 साली मेजर जनरल ड्रल यांनी ती सुरू केली. आणि तिचा उपयोग परेडपुरता.

आद्याक्षरं मागाहून चिकटवलेली आहेत. शेवटच्या दोन ‘एल’ना शब्द शोधताना होणारी ओढाताण बघितली तरी कळतं! मूळ डच ‘ड्रिलेन’: भोक पाडणं, गरगर फिरवणं, त्यावरून शिपायांकडून घोटून घेणं. आपला ‘कवायत’ जास्त बोलका आहे. अरबीतल्या ‘कायदा’चं, म्हणजे नियमाचं, ते अनेकवचन. महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याने उभ्या केलेल्या पलटणी ‘कवायती’ म्हणवल्या गेल्या त्या याच अर्थाने.

आता 1666. इंग्रजीत हा शब्द त्याआधी चाळीसएक वर्षांपासून वापरात होता, तेव्हा तो कुणा ड्रलच्या नावावरून येणं शक्य नाही. पद्धत तर त्याहून जुनी. 1594 मध्ये विल्यम लुईने आपला चुलतभाऊ, नेदरलँड्सचा सेनानी मॉरिस, याला पत्रातून रोमन धर्तीची युक्ती कळवली: पुढच्या रांगेने गोळी झाडायची, मागे जाऊन बंदूक भरायची, तोवर तिच्या मागची रांग पुढे येऊन झाडते. तोड्याची बंदूक भरणं वेळखाऊ. एका हातात धुमसता तोडा, म्हणजे बार पेटवायची वात, आणि शेजारीच बंदुकीची दारू. क्रम चुकला की स्वतः भाजणार, शेजाऱ्यालाही भाजणार. म्हणून एकेक हालचाल सुटी केली, प्रत्येकीला हुकूम जोडला. 1607 मध्ये या हालचालींची चित्रं छापूनही झाली.

‘परेडपुरता उपयोग’ हा दावा मैदानावरच ढासळतो. हुकमाचे दोन भाग असतात. ‘दाहिनेऽऽ’ लांबवायचं, थांबायचं, मग ‘मुड’ तोडून. मधली विश्रांती खाल्ली की निम्मी तुकडी आधी वळते, निम्मी मागाहून. वळायचं उजव्या टाचेवर आणि डाव्या चवड्यावर, 90 अंश. भार डाव्या टाचेवर राहिला की तोल गेलाच. ‘तेज चल’ला 30 इंची पाऊल, मिनिटाला 120. म्हणजे मिनिटाला 300 फूट, तासाला साधारण साडेपाच किलोमीटर. मोठी तुकडी ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचवण्याचा हिशोब अशा आकड्यांवरच बसवत असत.

आजही रायफल अडकली की काय करायचं, त्याचीही ड्रिलच असते: मॅगझिन काढणं, चेंबर (गोळी बसते ती जागा) तपासणं, पुन्हा भरणं, ठरल्या क्रमाने. अंधारात विचार करायला सवड नसते, हातांना क्रम पाठ असावा लागतो.

परीक्षेत व्याख्या विचारली तर एवढंच लिहा: एखादी प्रक्रिया क्रमवार आणि उचित रीतीने पार पाडणे म्हणजे ड्रिल.