‘आरव’ म्हणजे आवाज नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागासकट आवडली. कुळागरांवरच्या, म्हणजे गोव्यातल्या पोफळीच्या बागांवरच्या लेखात मी पसायदानातल्या ‘चला कल्पतरूंचे आरव’ या चरणाचा अर्थ ‘कल्पवृक्षांच्या चालत्या राया’ असा दिला. तुमचा आक्षेप: कोशात आरव म्हणजे ध्वनी, मग राई आली कुठून? शिवाय कुळागर ही लावलेली बाग. तिला राई कसं म्हणता?

तुम्ही कोश उघडलात तो संस्कृतचा. तिथला आरव ‘रु’ धातूचा, आवाज करणारा. ज्ञानदेवांचा आरव ‘आराम’वरून, म्हणजे उपवनावरून आलेला. बौद्धांच्या संघारामातलाच, म्हणजे भिक्षूंच्या विहाराच्या नावातलाच हा आराम. म चा व करणं ही मराठीची जुनी खोड: नामाचं नाव झालं, ग्रामाचं गाव. आणि हा गाव तर त्याच ओवीच्या पुढच्या चरणात बसलाय! कुळागरातला पाट वेगळा, जेवायला मांडतो तो पाट वेगळा, तसंच हे.

व्युत्पत्ती राहू द्या, ओवीच वाचा:

चला कल्पतरूंचे आरव । चेतना चिंतामणींचे गाव ।
बोलते जे अर्णव । पीयूषांचे ॥

आधीच्या ओवीतल्या ईश्वरनिष्ठांच्या मांदियाळीचं हे वर्णन. ‘चला’ म्हणजे ‘चला, जाऊ या’ नव्हे (शाळेच्या प्रार्थनेत तसं समजून म्हणणारे पुष्कळ). चला म्हणजे चालते. झाडं जागची हलत नाहीत, इथे ती चालतात. रत्न निर्जीव, ते सचेतन झालंय. समुद्राला वाचा नाही, तो बोलतोय. आता पहिल्या चरणात ध्वनी घालून बघा. चालता आवाज! त्यात नवल ते काय? ओवीची सगळी गंमतच गेली.

राईबद्दल म्हणाल, तर आमराई माणूसच लावतो ना? आराम तर मुळात राखलेलं उपवन. म्हणून मला गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या बांबरच्या निरंकाराच्या राईपेक्षा, म्हणजे तिथल्या देवराईपेक्षा, सावईवेऱ्याचं कुळागर या शब्दाच्या जवळचं वाटतं. निरंकाराच्या राईत चिखलातून गुडघ्यांसारखी मुळं वर आलेली, देवाचं म्हणून कुणी कोयता लावत नाही. कुळागरात पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, मध्ये केळी, बुंध्यांशी पाटाचं पाणी. माडालाही आपण कल्पवृक्ष म्हणतो, पण तो मुद्दा मी रेटत नाही. ज्ञानदेवांचा कल्पतरू पुराणातलाच.

तुम्ही नातवाचं नाव आरव ठेवलंय म्हणता, ते बदलू नका. ध्वनी घ्या, बाग घ्या, दोन्ही चालतील. नावांच्या याद्यांत छापतात तो ‘शांत’ हा अर्थ मात्र यांतल्या कुठल्याच आरवातून निघत नाही.