अ‍ॅपर्चर म्हणे किती ठेवलं होतंत!

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. क्लबच्या प्रदर्शनात माझा कोकणकड्याचा फोटो लागलाय. एक ज्येष्ठ गृहस्थ त्यापुढे बराच वेळ थांबले, "वा!" म्हणाले आणि माझ्या नवऱ्याकडे वळून, "अ‍ॅपर्चर किती ठेवलं होतंत?" म्हणजे भिंगाचं तोंड किती उघडं ठेवलं होतं. आणि विचारलं कुणाला, तर आमच्या ह्यांना! ह्यांच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ह्यांचंच बोट असतं. फोटो माझा आहे म्हटल्यावर, "अरे वा ताई, ट्रायपॉड घेऊन चढलात?" नाही हो, पालखीतून गेले.

वर ऐकवलं की लँडस्केप म्हणजे अंगमेहनत, बायकांनी पोर्ट्रेट करावं.

मग अ‍ॅन ब्रिगमन काय करत होती? अमेरिकन फोटोग्राफर, 1869 ची, हवाईत जन्मलेली, कॅलिफोर्नियात जहाजाच्या कप्तानाशी लग्न केलेली. 1901 च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळली आणि उन्हाळ्यात तिथल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत जाऊन राहू लागली, पार झाडं संपून नुसता खडक उरतो तिथवर. तिचा 'द सोल ऑफ द ब्लास्टेड पाइन' बघाच. वीज पडून फाटलेलं खोड, त्यातून उगवल्यासारखी विवस्त्र बाई, हात आभाळाकडे. ती बाई ती स्वतःच. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी! आपल्याकडे अजून ओढणी सावरून फोटो काढतात.

निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची, खरवडायची, हे खरंय. स्टिग्लिट्झसारखा वजनदार फोटोग्राफर-संपादक पाठीशी होता, बरं, तेही खरंय. पण त्याने तिचे फोटो आपल्या 'कॅमेरा वर्क' या नियतकालिकात छापले ते दया म्हणून नव्हे. आणि त्याला कुणी विचारलं नसेल की हे मिसेस ब्रिगमननी काढले की कप्तानसाहेबांनी. 1910 मध्ये ती कप्तानापासून वेगळी झाली, त्यावर मात्र लोक बोललेच असणार.

असो. ते गृहस्थ वाईट नव्हते, माझ्या फोटोपुढे सगळ्यात जास्त वेळ तेच थांबले होते. पण चांगल्या माणसांनाही हे सुचतं, त्याचाच जास्त राग येतो. आणि आमचे हे! "एफ अकरा असेल बहुतेक" म्हणून मोकळे झाले. घरी आल्यावर बघून घेतलंय.

ब्रिगमनचं पुढचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. साठीच्या उंबरठ्यावर ती कॅलिफोर्नियातल्याच लाँग बीचला, समुद्रकाठी, राहायला गेली आणि पाण्याने वाळूवर कोरलेल्या रेघांचे फोटो काढू लागली. बाई नाही, झाड नाही, नुसती वाळू आणि सावली. मला सिएराच्या फोटोंपेक्षा हेच जास्त आवडतात. ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली भांडावं, मी जागी आहे.