अपॉस्टिल असलं की दुबईतही चालतं?

अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं, परदेशात दाखवायचं सरकारी प्रमाणपत्र. ‘एकदा अपॉस्टिल केलं की कागद जगात कुठेही चालतो’ हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. अपॉस्टिल फक्त १९६१च्या हेग करारातल्या देशांपुरतं. भारतात हा करार २००५पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, म्हणून दुबईला जाणाऱ्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर अमिरातीच्या दूतावासाचं साक्षांकनही लागतं. कॅनडात ११ जानेवारी २०२४पासून अपॉस्टिल चालतं.

आणि दाखल्यामागचा अपॉस्टिलचा तो छोटा स्टिकर मजकुराची हमी देत नाही; सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का खरा आहे, एवढंच सांगतो. जन्मदाखल्यात नाव चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, नाहीतर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातील.