मी सांभाळू शकत नाही, असं लिहून द्या

आज दुपारी कोर्टाबाहेर, जिथे नोटरीवाले टेबलं टाकून बसतात ना, तिथे मी वीसेक मिनिटं उभी होते आणि सही न करताच घरी आले. तेव्हापासून डोकं फिरलंय. स्वयंपाक झाला, आईच्या रात्रीच्या गोळ्या झाल्या, हे घोरायला लागले, आता लिहूनच काढते नाहीतर झोप यायची नाही. लांबलचक होणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी आत्ताच पुढे सरका.

कागद असा होता. "मी अमुक अमुक, राहणार लोकमान्य नगर, इंदूर, लिहून देते की माझ्या आईचा सांभाळ करायला मी असमर्थ आहे." इंग्रजीत होतं पण अर्थ हाच. दादा इंग्लंडला लीड्समध्ये असतो, त्याला आईला कायमचं तिकडे न्यायचंय, त्याच्या व्हिसासाठी हा कागद; तिथल्या वकिलाने मसुदा करून दिला, दादाने मला व्हॉट्सॲपवर ढकलला आणि खाली लिहिलं, वाईट वाटून घेऊ नकोस, फॉरमॅलिटी आहे. नोटरीवाले काका वयस्कर, चष्मा कपाळावर, त्यांनी तो खाली घेऊन कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला (कोणी वाचतं का हो नोटरीचा कागद? नेमके माझ्याच नशिबी वाचणारे) आणि विचारलं, "मॅडम, माताजी रहती किसके पास हैं?" म्हटलं, मेरे पास. "कबसे?" म्हटलं, दस साल हो गए. मग काहीच बोलले नाहीत, पेन माझ्यापुढे सरकवलं. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाला आईला कायमचं न्यायचं असेल तर ती म्हातारी आहे, विधवा आहे, त्याला ती आपल्याजवळ हवी आहे, एवढ्याने भागत नाही. आंघोळ, कपडे, स्वयंपाक ही रोजची कामं तिला स्वतःला जमत नाहीत हे आधी सिद्ध करा. मग हे करायला भारतात कोणी माणूस नाही, किंवा मुलाने पैसे पाठवूनसुद्धा तशी सोय होत नाही, परवडत नाही, हे सिद्ध करा. आणि त्या "कोणी" मध्ये मी येते. लेक. दहा वर्षं रोज तिची वेणी घालते ती मी, त्यांच्या हिशेबात आईच्या व्हिसातली अडचण आहे. तुमची बहीण तिथे नसती तर केस सोपी होती, असं वकील दादाला बोलला आणि दादा मला बोलला. हसत बोलला, पण बोलला.

पैशाचं तर अजूनच उलटं. आमच्याकडे दिवसा येणारी बाई १४ हजार घेते, दादा तिकडे पौंडात कमावतो, परवडत नाही असं कुठल्या तोंडाने लिहिणार तो? म्हणजे मुलगा जितका नियमाने पैसे पाठवणार तितकी त्याची केस कच्ची. एक पैसा न पाठवणाऱ्याची कदाचित पक्की होईल, पण तो कशाला अर्ज करतोय. वर फी ३ हजार पौंडांच्या पुढे, नकार आला की ती गेली. आणि जिला आंघोळही जमत नाही असं आपण ओरडून ओरडून सांगायचं, तिलाच मग इंदूरहून दिल्ली आणि दिल्लीहून पुढे नऊ-दहा तास विमानात बसवून न्यायचं. कोणी बसून हे लिहिलं असेल त्याला आई होती की नाही देव जाणे.

सगळ्यात चीड येते ती तारखेची. २०१२ च्या जुलैमध्ये त्यांनी हा नियम इतका आवळला. त्याआधी ६५ च्या पुढचे, मुलावर अवलंबून असलेले आईवडील नेणं बरंच सोपं होतं. दादा गेला २००८ साली, पाच वर्षांनी तिथे कायम राहण्याचा शिक्का मिळाला, म्हणजे २०१३. एका वर्षाने हुकलं. तेव्हा बाबा होते, आई रामबागेतल्या घरात दोन जिने चढ-उतर करायची, इथल्या सानंद संस्थेचं एक नाटक सोडायची नाही, कोणाला घाई होती? २०१५ ला बाबा गेले आणि तेव्हा कळलं की दार कधीच लागलेलं आहे.

आता पुरावे गोळा करणं चालू आहे. वकिलाने सांगितलं की शहरातल्या वृद्धाश्रमांकडून लिहून आणा, अशा पेशंटला आम्ही ठेवू शकत नाही. मी ऑफिसच्या लंच टाइममध्ये एकेका ठिकाणी फोन लावते आणि मनात गणपतीला म्हणते, यांनी नाही म्हणू दे. दोघांनी तोंडी नाही म्हटलं, लेखी द्यायला तयार नाहीत. तिसऱ्या ठिकाणची मुलगी इतकी गोड बोलली, "हो ना दीदी, जगह है, आज ही ले आइए." फोन ठेवून मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. आज ही ले आइए! दहीवड्याची ऑर्डर आहे का?

आणि ह्याच सगळ्यात सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एका मावशीने तो फॉरवर्ड टाकला, परदेशात बंगला बांधणारा मुलगा आणि वृद्धाश्रमात वाट बघणारी आई, खाली हात जोडलेले सात इमोजी. नाव नाही घेतलं पण दादालाच होता तो, सगळ्यांना कळलं, तीन जणांनी अंगठे पण दिले. अहो, तुम्ही शेवटचं कधी आला होता आईला भेटायला? गणपतीत आलात, आरती झाली, मोदक खाल्ले, "किती वाळली गं ताई" म्हणून गेलात. आणि "तू आहेस ना तिथे, मग काळजी कसली" हे मला वर्षातून पन्नास वेळा ऐकवता. हेच तर तो व्हिसावाला साहेब म्हणतोय! मावशी, तुमचं आणि लंडनच्या साहेबाचं एकमत आहे, अभिनंदन.

बरं, हेही लिहिते, नाहीतर ह्यांना पटायचं नाही. तिकडे दवाखाना सरकारी खर्चाने चालतो, सगळ्यांचे आजारी आईबाप नेले तर भरणार कोण, हा प्रश्न त्यांचा चूक नाही. मान्य. पुढे.

दुसरीकडेही काही फार दिवे लावलेले नाहीत. टोरांटोच्या मैत्रिणीच्या सासूबाई सुपर व्हिसावर गेल्या, लाख डॉलरचा विमा आणि मुलाचा पगार दाखवला की एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, ते त्यातल्या त्यात बरं. अमेरिकेत ग्रीन कार्ड असून भागत नाही, नागरिक व्हा, मग आईवडिलांचं नाव काढा. जर्मनीने म्हणे २०२४ च्या मार्चपासून नव्याने परमिट मिळणाऱ्या कुशल लोकांना आईवडील आणायची सोय केली, तिथे घोडं आरोग्य विम्यापाशी अडतं. दादाला म्हटलं, तू देशच चुकीचा निवडलास. तो म्हणाला, २००८ ला मी आईचं वय बघून देश निवडायला हवा होता का? मी गप्प बसले.

आईला काय हवंय? रोज वेगळं असतं. सोमवारी नातवाच्या आठवणीने डोळे भरतात, मंगळवारी विचारते तिथे मराठी बोलायला दिवसभर कोण आहे. २०१७ ला व्हिजिटर व्हिसावर गेली होती, एका वेळी सहाच महिने राहू देतात, ती पाचातच परत आली. जून महिन्यात तिथे रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड, हिला दिवेलागण कधी करायची ते कळेना. शेवटी घड्याळात सात वाजले की हॉलचे पडदे ओढून घ्यायची, अंधार करायची आणि मग देवापुढे दिवा लावायची. आणि दादा, जो इथे असताना कधी शुभंकरोती म्हणायला बसला नाही, तो कामावरून पळत सातच्या आत घरी यायचा, पडदे ओढायला. वहिनीने सांगितलं मला हे. त्याने कधीच नाही.

इथे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून खरं ते पण लिहिते. त्या नोटरीवाल्या काकांवर मी चिडले ते कागद खोटा होता म्हणून नाही. अर्धा खरा होता म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत रात्री अडीचला आई बाथरूमच्या दाराशी पडली. हे टूरवर भोपाळला. माझी स्लिप डिस्क तुम्हाला माहीतच आहे, पट्टा बांधून तिला काखेत धरून उचलायला गेले, जमलं नाही, परत केलं, नाही जमलं. मग मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या भियाला फोन लावला तर स्विच ऑफ. सव्वातीनपर्यंत आम्ही दोघी तशाच, एका शालीत. तिने मला एवढंच सांगितलं, दादाला कळवू नकोस, तो घाबरतो. मी नाही कळवलं. एक्स-रे झाला, प्लास्टर झालं, तेव्हा कळलंच. आता त्या रात्रीचे दवाखान्याचे कागद दादाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेत, वकील म्हणतो हा आपला सगळ्यात स्ट्राँग पुरावा.

तर असमर्थ आहे मी. घरात, अंधारात, आईसमोर मला ते कबूल आहे. पण शिक्का मारून, दोन साक्षीदारांसमोर, साहेबाला?

मघाशी दादाचा फोन होता. मी नोटरीचं सांगितलं. बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग म्हणाला, राहू दे, तू सही नको करूस, दुसरं काहीतरी बघू. दुसरं काही नाहीये हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हटलं, आई झोपलीये, उद्या सकाळी बोल तिच्याशी, आज दोनदा तिने तुझी चौकशी केली.

उद्या हाफ डे टाकलाय. त्या काकांकडे नाही जाणार, पलीकडच्या रांगेत एक तरुण मुलगा बसतो, तो न वाचता शिक्के मारत होता.