नदीचं आम्ही बघतो म्हणे!

आज खरंच डोकं फिरलंय. भाची आणि तिच्या वर्गातली पोरं नदीकाठाचं निवेदन घेऊन ऑफिसात गेली होती, मीही सोबत होते. कितीतरी वेळ बाकावर बसवून ठेवलं, साहेब मीटिंगमध्ये, आणि शेवटी आले ते कागद न वाचताच, "बाळांनो, तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या, नदीचं आम्ही बघतो."

बघता ना? मग रात्री काठावर राडारोड्याचे ट्रक कोण रिकामे करतं तेही बघा की! पात्र बुजवायचं आणि पाणी घरात शिरलं की पावसाला शिव्या द्यायच्या.

आणि अहो, त्या निवेदनात अभ्यासच होता! काठावरच्या गवता-झुडपांची मुळं माती धरून ठेवतात, वाहून येणारा गाळ, खतं तिथेच अडतात. ते उपटलं की नायट्रोजन-फॉस्फरस थेट पाण्यात, नाल्यांचं सांडपाणी आहेच, मग जलपर्णी अशी माजते की २ आठवड्यांत दुप्पट, तिच्याखाली ऊन नाही, ऑक्सिजन नाही, मासे मरणार नाहीत तर काय. कुठे नाला मिळतो, कुठे काठ ढासळलाय, सगळं पोरांनी नकाशावर दाखवलेलं. साहेबांनी तो उलगडलासुद्धा नाही. भाचीनं परत पुढे सरकवला, "सर, एकदा बघा ना." तो आवाज कानातून जात नाहीये.

बरं, स्टाफ कमी असतो, निधी वरून येतो, कचरा आपलीच माणसं टाकतात, मान्य. पण निवेदनाची पोच द्यायला कुठला निधी लागतो?? तीसुद्धा भांडून घ्यावी लागली.

खरी भीती तर वेगळीच आहे. यांनी मनावर घेतलं तर सिमेंटची भिंत, पेव्हर ब्लॉक, चार बाकडी, झालं सुशोभीकरण! भिंतीनं पाण्याचा वेग वाढतो आणि खालच्या अंगाचा काठ तुटतो, हेही पोरांनी लिहिलंय. मागणं एवढंच की भराव काढा, सांडपाणी शुद्ध करून सोडा, इथलीच झाडं-गवत लावा.

लंडनची थेम्स १९५७ साली मेलेली म्हणून जाहीर झाली होती, सांडपाण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आज तिथे सील दिसतात. होतं हो, केलं की होतं.

पोरं हिरमुसतील वाटलं होतं, तर जिन्यातच पुढच्या सोमवारचं ठरवत होती. गुणी आहेत गं. मी जाणारच आहे, जमेल त्यांनी या. आणि आपल्यात कुणी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेलं असेल तर तेवढा नकाशा तपासून द्या, पूररेषा बरोबर काढलीय का ते पोरांना विचारायचंय.