‘घरी लावा’ म्हणणाऱ्यांना

भाजीच्या बाबतीत २०२३ साल मोठं गमतीचं गेलं. फेब्रुवारीत इथे इंग्लंडमध्ये दुकानांतले टोमॅटो संपले. हिवाळ्यात या देशाला टोमॅटो मुख्यतः स्पेन आणि मोरोक्कोतून येतो आणि तिकडे थंडीनं पीक मागे पडलं होतं. मोठ्या दुकानांनी माणशी दोन-तीन पाकिटांची मर्यादा घातली. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री थेरेस कॉफी संसदेत म्हणाल्या, हंगामाप्रमाणे खायचं तर लोक आत्ता सलगम खात असते. पाच महिन्यांनी भारतात टोमॅटोनं शंभरी ओलांडली, तेव्हा उत्तर प्रदेशच्या राज्यमंत्री प्रतिभा शुक्ला यांनी सांगितलं, महाग वाटतो तर घरी लावा, नाहीतर खाणं सोडा. ऑगस्टमध्ये आपल्या दादा भुसे यांनी कांद्याचा निकाल लावला: ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने नाही खाल्ला तर काय बिघडतं?

तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर हा वाद अधूनमधून पेटतो. एक बाजू म्हणते, प्रत्येकानं बाल्कनीत चार कुंड्या ठेवाव्यात, विषमुक्त खावं, आणि लगेच आमच्याकडे बोट दाखवते: परदेशात बघा, घरोघरी भाजी पिकवतात! दुसरी बाजू म्हणते, हे सगळे रिकामटेकड्यांचे चोचले, टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ ज्याच्यावर येते त्या शेतकऱ्याला विचारा. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी भांडताहेत.

आधी परदेशाबद्दल. इथे घरोघरी कोणी भाजी पिकवत नाही. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी पुढच्या अंगणात फरश्या घालून गाडी उभी केली आहे आणि मागे हिरवळ आहे, ती कापायची आणि पुन्हा वाढवायची. देशात खपणाऱ्या भाजीपैकी जेमतेम निम्मी देशात होते. ज्यांना खरंच पिकवायचं असतं ते कौन्सिलकडे (ही इथली नगरपालिका) अॅलॉटमेंटसाठी, म्हणजे गावाच्या जमिनीतल्या भाड्याच्या तुकड्यासाठी, नाव नोंदवतात आणि मग बसतात वाट बघत. कित्येक शहरांत ही वाट वर्षानुवर्षांची असते.

या तुकड्याचं जुनं माप दहा रॉड. आपल्या हिशेबानं बरोबर अडीच गुंठे, कारण एकरात रॉड १६० आणि गुंठे ४०. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांचा ‘प्रयोग परिवार’ (शेतीत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचं जाळं) एका कुटुंबासाठी दहा गुंठ्यांची भाषा करायचा. ही त्याची चौथाई. पण असे तुकडे देणं कोणाच्या हौसेवर सोडलेलं नाही, ते कायद्यात बसवलेलं आहे. १९०८ च्या कायद्यानं कौन्सिलवर जबाबदारी टाकली ती कष्टकरी माणसाला भाजीपुरती जमीन देण्याची. गावातल्या सहा मतदारांनी लेखी मागणी केली तर ती विचारात घेणं कौन्सिलला भागच आहे (लंडनच्या आतल्या भागाला यातून सूट आहे). १९२५ च्या कायद्यानं आणखी एक खुंटी ठोकली: याच कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ची, म्हणजे ‘विजयासाठी खणा’ची, मोहीम निघाली आणि असे तुकडे १४ लाखांच्या घरात गेले. आता साधारण सव्वातीन लाख उरलेत. तेव्हाही सरकारनं नुसतं ‘घरी लावा’ म्हटलं नाही. बागा आणि मैदानं खणायला मोकळी केली.

मी लेस्टरला राहते आणि अशाच एका तुकड्यावर माझे वाफे आहेत. पैसे वाचतात का, असं वहिनी दर वेळी विचारते. नाही वाचत. बियाणं, खत, कबुतरांसाठीची जाळी, भाडं आणि गोगलगायींनी खाल्लेली रोपं धरली तर बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातली मेथीची जुडी स्वस्त पडते. वर तण माजलं की नोटीस येते: अमुक दिवसांत साफ करा, नाहीतर तुकडा दुसऱ्याला.

मग करायचं कशाला? याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. वसंतात पेरलेला मुळा इथल्या लांबलचक दिवसांमुळे जूनमध्ये फुलावर येतो. शेजारचे आजोबा तो उपटून टाकतात, मी उभा ठेवते. दोन-तीन आठवड्यांत डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतात. त्या कोवळ्या असताना, बोटानं कट्कन मोडतात तेव्हाच काढायच्या. पुढे दोर होतात. बारीक चिरून, मोहरी-हिंगाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वाफ आली की मूठभर ओलं खोबरं. इथल्या बाजारात डिंगऱ्या मी कधी पाहिल्या नाहीत आणि ठाण्या-डोंबिवलीतही आता रोज दिसतात असं नाही. चाकवताचंही तेच. तो इथे तण म्हणून आपोआप उगवतो आणि सगळे तो खतात टाकतात. कोवळा खुडून शिजवला, घोटला, ताकात डाळीचं पीठ कालवून लावलं, त्यात शिजलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी, की आजोबासुद्धा वाटी पुढे करतात.

हंगाम कळतो तो असा, आणि गणितं उलटीपालटी होतात. ऋषिपंचमीची भाजी इथे छान जमते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं खायचं, हा त्या दिवसाचा दंडक. आणि भाद्रपदात आमच्या वाफ्यांत मका, लाल भोपळा, शेंगा, सगळं एकदम येतं. अळू तेवढं कुंडीतलं, घरात सांभाळलेलं. भोगी मात्र फसते. जानेवारीत वाफ्यात असतात लीक, केल आणि पार्सनिप (गाजरासारखं पांढरं मूळ). पावटा, ओला हरभरा, बोरं कुठून आणणार? पार्सनिप घालून भोगीची भाजी केली आहे. गोडमिट्ट होते, पुन्हा करणार नाही. आणि एप्रिल-मेमध्ये तर हिवाळ्याचं संपलेलं, उन्हाळ्याचं न आलेलं, असे वाफ्यात फाके. म्हणजे तिकडे आंबे आणि कैऱ्या चालू असतात तेव्हा.

तिकडे जे आहे त्याची किंमत म्हणूनच मला इथून जास्त कळते. डोंबिवलीत जिन्याखाली सकाळी पालेभाजी येते, शेपू, अंबाडी, लाल माठ, आदल्या रात्री काढलेली. आमच्याकडे ही चैन कुणालाच नाही, इथले श्रीमंत धरून. ज्या घराजवळ अशी मंडई आहे त्यानं बाल्कनीत चार टोमॅटो नाही लावले तरी काही पाप नाही. लावले तर आनंद आहे, पण त्याला स्वावलंबन म्हणू नये.

आणि गच्चीवर लावू म्हणाल तर सोसायटी आहेच. भावाच्या इमारतीत एकीनं गच्चीवर वाफे केले, खाली ओल आली, ती वाफ्यांची की मुळातच निकृष्ट कामाची यावर दोन सर्वसाधारण सभा गाजल्या, आणि ठराव झाला: गच्चीवर कुंडी नाही. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत पाण्याचा मुद्दाही काही खोटा नाही. पण मग जमीन कोणाकडे?

मुंबईत भाजी पिकत आली ती रेल्वेच्या रुळांलगत. ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली रेल्वे ही जमीन आपल्या कर्मचाऱ्यांना देत आली, आणि प्रत्यक्ष वाफ्यात राबताना दिसत आले ते बहुतेक परप्रांतातून आलेले मजूर. पालक, माठ, भेंडी, मुळा. ती भाजी सांडपाण्यावर वाढते म्हणून आपण नाक मुरडतो, आणि ते बरोबरच आहे. नाल्याचं पाणी भाजीला नकोच. पण पाणी घाण केलं आपण, आणि रागावतो पिकवणाऱ्यावर. गच्चीवर कोकोपीट आणून चेरी टोमॅटो लावणाऱ्याची मुलाखत होते आणि रुळाकडेच्या माणसाच्या वाफ्यावर कारवाई. त्याला स्वच्छ पाण्याची एक जोडणी द्या, असं आमच्या गटावर अजून कोणी लिहिलेलं नाही.

आपल्या शहरांच्या विकास आराखड्यांत बागेसाठी आरक्षित भूखंड असतात. बरेच कागदावरच राहतात. जे खरे होतात त्यांत कारंजं येतं, पेव्हर ब्लॉक येतात, नगरसेवकाच्या नावाची कमान येते. त्यातल्या एका कोपऱ्याचे अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडून भाड्यानं द्यावेत, पाण्याला मीटर लावावा, आणि निम्मे तुकडे चाळीत-झोपडपट्टीत राहणाऱ्यांसाठी राखावेत, एवढंच माझं म्हणणं. वहिनी म्हणते, चोऱ्या होतील. इथेही होतात. मागच्या सप्टेंबरात आमच्या बाजूच्या वाफ्यातला लाल भोपळा रातोरात गेला. समितीनं फाटकाचं कुलूप बदललं आणि पुढच्या मोसमाचं भाडं नेहमीच्या तारखेला घेतलं.