पोट आत घ्या, कोणीतरी येतंय

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी एक व्यायामप्रकार चालतो, जो कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. समोरून ओळखीचा माणूस दिसला की पोट आत, छाती बाहेर, मान ताठ. समोरचाही तेच करतो. मग दोघे श्वास रोखून 'काय म्हणता?' विचारतात आणि उत्तर द्यायला दोघांकडेही हवा नसते. एकमेकांना ओलांडलं की दोन्ही पोटं आपापल्या जागी. पंचेचाळिशीतल्या नाशिककराच्या पोटाला खरा व्यायाम घडतो तो एवढाच.

ट्रॅकवर निदान आरसा तरी नसतो. पावसाळा लागला म्हणून जिम लावली, तर तिथे तिन्ही भिंतींना आरसे. आमच्या घरचा आरसा जुन्या वळणाचा, खांद्याखालचं तो काही बोलत नाही. इथे मात्र पुढून मी, बाजूने मी, आणि आजवर ज्याची ओळखही नव्हती तो मागूनचा मी. एवढ्या गर्दीत पोट आत ओढून वजन उचलायचं म्हणजे श्वास घ्यायचा कधी?

सर भाच्याच्या वयाचे. मी त्यांना सर म्हणायचं, त्यांनी मला काका. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अनवाणी एका मशीनवर उभं केलं, हातात दोन दांड्या दिल्या आणि कागद काढला. शरीराचं वय : एकसष्ट.

"सर, मी सत्तेचाळीस."

"काका, मशीन खोटं बोलत नाही."

मशीन बिचारं अंगातून बारीकशी वीज सोडतं आणि ती कितपत अडते यावरून चरबीचा अंदाज बांधतं. अंगात पाणी कमी-जास्त असलं तरी आकडा हलतो. त्याच कागदावर बीएमआयही होता. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे गणित एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या क्वेटले यांनी मांडलं. गृहस्थ डॉक्टर नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते. ग्रह-तारे बघून झाल्यावर माणसांच्या घेराकडे वळले असावेत.

मानसशास्त्रवाले मात्र एक दिलासा देतात. व्यायाम करणाऱ्याला स्वतःचं शरीर बरं वाटू लागतं ते पुष्कळदा शरीर बदलायच्या आधीच. आपला दम वाढलाय, ताकद आलीय, एवढं जाणवलं तरी पुरतं. निव्वळ दिसण्यासाठी घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला हे समाधान कमी येतं. पहिल्या भागाचा मी साक्षीदार आहे. लिफ्ट बंद होती त्या दिवशी भरलेला सिलिंडर, म्हणजे जवळपास ३० किलो, मी तिसऱ्या मजल्यावर नेला. वाटेत एकदाच टेकवला. आरशातल्या पोटात तोवर तसूभर फरक नव्हता, पण त्या दिवशी मी आरशाकडे पाहिलंच नाही. बायको म्हणाली, "हळू ठेवा, फरशी फुटेल." आमच्याकडे कौतुक हे असंच होतं.

दुसऱ्या भागासाठी आमच्या जिममधला एक पोरगा पाहावा. दंड असे की टी-शर्टची बाही वर सरकत नाही. आणि त्याला वाटतं, आपण काडी पैलवान! दर सेटनंतर आरशासमोर जाऊन दंड वळवतो आणि मला विचारतो, "काका, डावा बारीक वाटतो ना?" मी सिलिंडरवाला माणूस, मी काय सांगणार? रविवारी सगळे मिसळीला गेले की हा समोर डबा उघडून अंड्यातलं पांढरं खात बसतो आणि आमच्या तर्रीकडे बघतो. या ध्यासाने काहींचं खाणं-झोप-कामधंदा सगळं विस्कटतं. डॉक्टर त्याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात, आणि तो थट्टेचा विषय नाही. आमचा पोरगा अजून त्या काठाच्या अलीकडे आहे, असं मी धरून चालतो.

म्हणून एका सकाळी त्याला पांडवलेण्यावर नेलं. आरसा नाही, वजनकाटा नाही, नुसत्या पायऱ्या. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या दोन आजी गप्पा मारत आमच्या पुढे निघून गेल्या. त्यांनी पोट आत ओढलेलं नव्हतं आणि त्यांना धापही लागलेली नव्हती. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, दुसऱ्या शतकातला. आईने आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केलेलं वर्णन. रूप पूर्णचंद्रासारखं, चाल उत्तम हत्तीसारखी, बाहू नागराजाच्या वेटोळ्यांसारखे भरीव, गोल, लांब. शिवाय आईची सेवा करणारा. वजनाचा उल्लेख नाही. चाल हत्तीसारखी आहे असं माझीही आई म्हणते, पण ती ते दगडात कोरून घेणार नाही.

पोरगा भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, चला, पोहोचलं काहीतरी.

मग म्हणाला, "काका, वेटोळ्यांसारखे म्हणजे साधारण किती इंच?"